दूध संकलनाच्या नोंदींतून कामाची माहिती कशी काढायची: संगणकावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

१४२, स, ६.५, ३.८, ८.६.

एवढंच लिहिलेली चिठ्ठी रस्त्यात सापडली तर कुणालाही तिचा बोध होणार नाही. दूध संस्थेत बसणारा माणूस मात्र ती सहज वाचेल: कोड नंबर १४२, सकाळची वेळ, साडेसहा लिटर दूध, फॅट ३.८ टक्के, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.६ टक्के. कुठल्या जागेवर काय लिहितात हे त्याला ठाऊक असतं. संगणकाला ते ठाऊक नसतं. बेरीज, तुलना, क्रम लावणं ही कामं तो आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने करतो, पण ३.८ ही फॅट आहे की लिटर, हे त्याला आपणच सांगावं लागतं. ते नीट सांगितलं की रोजच्या कच्च्या नोंदींतून माहिती निघते. तेच इथे पायरीपायरीने दाखवतो.

गावातल्या संकलन केंद्रावर नव्याने लागलेले सचिव, संस्थेचा हिशेब सांभाळणारी मुलंमुली, किंवा घरच्या पावत्या साठवून आपल्या गायींचा हिशेब मांडू पाहणारे शेतकरी, या सगळ्यांना हे उपयोगी पडेल. एक्सेल, गुगल शीट्स, लिब्रेऑफिस यांपैकी काहीही चालेल. मेनूंची नावं थोडी वेगळी असतील, रीत तीच.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

संगणक सुरू करण्याआधी हे करा. ‘डेटा बघायचाय’ हा प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: या दहा दिवसांत कोणाची फॅट मागच्या दहा दिवसांपेक्षा घसरली? किंवा: आपण मोजून घेतलेलं दूध आणि टँकरच्या पावतीवरचं दूध यात तूट किती?

प्रश्न ठरला की कोणते रकाने लागणार हे आपोआप ठरतं. पहिल्या प्रश्नाला तारीख, वेळ, कोड, लिटर आणि फॅट पुरेत. दुसऱ्याला टँकरच्या पावत्यांचा वेगळा तक्ता लागेल. प्रश्नाशिवाय उघडलेल्या तक्त्यात माणूस तासन्‌तास रंग भरत बसतो.

दुसरी पायरी: एका ओळीत एकच माप

तक्त्याची पहिली ओळ शीर्षकांची: तारीख, वेळ, कोड, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ. त्याखाली दर ओळीत एका सभासदाचं एका वेळचं एका जनावराचं दूध. सकाळ आणि संध्याकाळ एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहू नका. वहीत ते सोयीचं दिसतं, कारण वहीची रुंदी आपल्याला पुरवून वापरायची असते. संगणकात खाली लाखो ओळी मोकळ्या असतात; एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. सभासद गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालत असेल तर त्याच्या दोन ओळी होतील.

लिटरच्या रकान्यात फक्त संख्या लिहा. ‘६.५ लि.’ असं लिहिलंत की संगणक ते वाक्य समजतो आणि बेरजेत धरत नाही. कप्पे एकमेकांना जोडून मोठे करू नका, मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका, दर दिवसाखाली ‘एकूण’ लिहू नका. ती एकूण पुढे पुन्हा बेरजेत शिरते आणि दूध दुप्पट दिसतं.

सभासदाचं नाव रोजच्या तक्त्यात नकोच. ‘बाळासाहेब’, ‘बाळासो’ आणि ‘बाळासाहेब’नंतर चुकून पडलेली एक मोकळी जागा ही संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळी माणसं आहेत. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकात सगळ्या भाषांची अक्षरं साठवण्याची ठरलेली पद्धत) एकसंध टाइप होतं, तसंच ‘अ’वर चंद्र देऊनही होतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. म्हणून ओळख कोड नंबरने ठेवायची, आणि कोड, नाव, खातं यांचा स्वतंत्र तक्ता एकदाच करायचा.

तिसरी पायरी: संख्या, मजकूर, तारीख यांतला फरक

संगणकाच्या आत सगळं शेवटी शून्य आणि एकच्या रूपात असतं, पण प्रत्येक कप्प्यातला ऐवज कोणत्या प्रकारचा मानायचा हे तो आधी ठरवतो. इथेच नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे सावकाश जा.

एक साधी खूण लक्षात ठेवा. कप्प्याची मांडणी तुम्ही बदललेली नसेल तर संख्या उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. फॅटचा रकाना वरून खाली बघा. एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो मजकूर आहे, आणि बेरजेत तो येणार नाही. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेले आकडे अनेकदा असे मजकूर ठरतात. त्यामुळे नोंदीत आकडे इंग्रजीच टाइप करा, छापील अहवालात हवे तर मराठी दाखवा.

तारीख ही एक्सेलच्या आत साधी संख्या असते: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि पुढे दर दिवसाला एकेक वाढत जाते. म्हणूनच दोन तारखांमधलं अंतर वजाबाकीने निघतं. धोका लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपण ५/६ लिहिलं तर ते ५ जून. ज्या संगणकाची मांडणी अमेरिकी आहे तो ६ मे समजेल, आणि कुठलीही चूक दाखवणार नाही. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत हा घोळ लपतो. १३ तारखेला महिना तेरावा कसा होणार, म्हणून त्या तारखा अचानक डावीकडे चिकटतात. तसं दिसलं तर फक्त १३ नंतरच्या तारखा दुरुस्त करून थांबू नका. आधीच्या बारा दिवसांच्याही तपासा.

काही आकडे दिसायला संख्या असले तरी ती नावंच असतात. गायीच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, मोबाइल नंबर. यांची कुणी बेरीज करत नाही. असा रकाना भरण्यापूर्वीच त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर एक्सेल १२ अंकी बिल्ला आखडून ‘१.२३ई+११’ अशा रूपात दाखवतं, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गाळतं आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकतं. शेवटचे दोन प्रकार नंतर दुरुस्त होत नाहीत, कारण मूळ अंक साठवलेलेच नसतात. शेतकऱ्याचे पैसे खात्यावर न पोचण्यामागे कधी कधी एवढंच कारण असतं.

संकलनाच्या यंत्रातून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी) फाइल घेतलीत आणि मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसली, तर फाइल बिघडली असं समजू नका. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवतात, आणि एक्सेलने ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचलेले असतात. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्या आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, विचारल्यावर यूटीएफ-८ निवडा.

चौथी पायरी: साफसफाई, पण मूळ प्रत न बिघडवता

आलेल्या फाइलची एक प्रत ‘मूळ’ नावाने बाजूला ठेवा. तिला हात लावायचा नाही. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा आणि ‘शेरा’ नावाच्या जादा रकान्यात काय बदललं ते लिहा. उद्या एखादा सभासद पावती घेऊन आला तर त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

आता फॅटचा रकाना लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि दोन्ही टोकं बघा. गायीच्या दुधाला ३८ फॅट दिसली तर दशांश चिन्ह राहिलंय. गाय लिहिलेल्या ओळीत ७.२ दिसली तर ते बहुधा म्हशीचं दूध आहे. लिटरचंही तसंच करा. मग तारीख, वेळ, कोड आणि जनावर हे चारही सारखे असलेल्या ओळी शोधा. एखाद्याने खरोखरच दोनदा दूध आणलं असेल, किंवा वीज गेल्यावर तीच नोंद पुन्हा झाली असेल. संगणक ओळी सारख्या आहेत एवढंच सांगतो. कोणती काढायची हे त्या दिवशी काट्यावर कोण होतं त्याला विचारूनच ठरवा.

रिकामा कप्पा आणि शून्य यांत गल्लत करू नका. त्या दिवशी सभासदाने दूध घातलंच नाही तर त्याची ओळच नसावी. तिथे फॅट म्हणून शून्य भरलंत तर त्याची सरासरी विनाकारण खाली येईल.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. यंत्राने दिलेला ३.८ हा आकडाही पूर्ण कच्चा नसतो. अल्ट्रासॉनिक मिल्क ॲनालायझर दुधातून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतो आणि आत ठरवून दिलेल्या गणिताने त्यावरून फॅट व एसएनएफ काढतो. ते गणित गायीसाठी वेगळं, म्हशीसाठी वेगळं. चुकीचं बटण दाबलं गेलं तर पावतीवर छापील, नीटनेटका आणि चुकीचा आकडा येतो. पावती छापील आहे म्हणून तपासणी सोडू नका.

पाचवी पायरी: हिशेब

महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात आणि पुढे पॉइंटमागे, म्हणजे ०.१ मागे, पैसे वाढतात किंवा कमी होतात. समजा मूळ दर ३० रुपये आणि दोन्हीकडे पॉइंटला ३० पैसे. वरच्या चिठ्ठीतल्या दुधाला फॅटचे तीन पॉइंट जादा म्हणून ९० पैसे, एसएनएफचा एक पॉइंट जादा म्हणून ३० पैसे. दर ३१.२० रुपये, साडेसहा लिटरचे २०२.८० रुपये.

हे आकडे सूत्रात थेट लिहू नका. दरपत्रकाचा वेगळा तक्ता करा, त्यात दर कोणत्या तारखेपासून लागू हेही लिहा, आणि सूत्राने तिथून दर उचलावा. दहा दिवसांच्या मध्येच दर बदलला तर मागची बिलं शाबूत राहतात. रक्कम ओळीओळीलाच दोन दशांशांपर्यंत राउंड करा. फक्त दिसायला दोन दशांश ठेवले तर आत लपलेले अंश बेरजेत येतात, आणि सभासदाने पावत्यांची बेरीज केली की बिलाशी काही पैशांचा फरक पडतो. रक्कम किरकोळ असली तरी विश्वास तिथेच जातो.

सरासरी फॅट काढताना बहुतेक जण चुकतात. समजा एकाने सकाळी १० लिटर दूध घातलं, फॅट ३.४, संध्याकाळी ४ लिटर, फॅट ४.१. सरासरीचं सूत्र लावलं तर ३.७५ येतं. पण सकाळचं दूध अडीचपट आहे, त्याला तेवढं वजन मिळायला हवं. प्रत्येक वेळी लिटर गुणिले फॅट करा: ३४ आणि १६.४. बेरीज ५०.४, भागिले १४ लिटर, म्हणजे ३.६. खरी फॅट हीच. एक्सेल आणि शीट्समध्ये ‘समप्रॉडक्ट’ हे सूत्र गुणाकार आणि बेरीज एकदमच करतं. त्याला लिटरच्या बेरजेने भागायचं.

टँकरशी ताळा घालताना लिटर आणि किलो तपासा. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. केंद्रावर ४१२ लिटर मोजलं आणि टँकरच्या पावतीवर ४२० किलो दिसलं, तर आठने वाढलं असं वाटेल. प्रत्यक्षात ४१२ लिटरचे सुमारे ४२४ किलो व्हायला हवे होते, म्हणजे चार किलोंची तूट आहे.

सहावी पायरी: गट करा

हजार ओळी कुणी वाचू शकत नाही. गुगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये सगळा तक्ता निवडा, ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘पिव्होट टेबल’ घ्या. ओळींत कोड, स्तंभांत वेळ, आणि ‘व्हॅल्यूज’च्या जागी लिटरची बेरीज ठेवा. दहा दिवसांच्या नोंदी एका पानावर येतात. फॅटसाठी मूळ तक्त्यात ‘लिटर गुणिले फॅट’ हा रकाना आधीच करून ठेवा आणि त्याचीही बेरीज घ्या; पिव्होटच्या तयार सरासरीवर विसंबलात तर वरचीच चूक होईल. गाय आणि म्हैस एकत्र करू नका.

लगेच एक ताळा: पिव्होटमधली लिटरची एकूण बेरीज आणि मूळ रकान्याची बेरीज सारखी आली का? नसेल तर काही ओळी निवडीतून सुटल्या आहेत. पुढे जाऊ नका.

सातवी पायरी: आकड्याला आकड्याशेजारी ठेवा

मला सगळ्यात मोलाची वाटणारी पायरी ही. कोड १४२ ची फॅट सोमवारी ३.८ होती आणि गुरुवारी ३.५ झाली. यावरून काय कळलं? अजून काहीच नाही.

मूळ तक्त्यात आणखी एक रकाना करा: त्या तारखेची, त्या वेळची, त्या प्रकारच्या जनावरांची अख्ख्या केंद्राची फॅट, लिटरच्या वजनाने काढलेली. आणि त्यापुढे फरकाचा रकाना: सभासदाची फॅट वजा केंद्राची फॅट. समजा सोमवारी केंद्राची ३.७ होती आणि गुरुवारी ३.४. म्हणजे १४२ दोन्ही दिवशी केंद्राच्या ०.१ वरच होता. त्याच्या गायीला काही झालेलं नाही. गुरुवारी सगळ्यांचीच फॅट पडलीय, आणि एका रात्रीत सगळ्या गावाच्या गायी बदलत नाहीत. यंत्राकडे बघा: ते धुतलं होतं का, नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं होतं का (मलई वर येते, न ढवळता खालून घेतलेल्या नमुन्याला फॅट कमी लागते), निवड गायीवरच होती का. शंका राहिली तर काही नमुने गर्बर पद्धतीने, म्हणजे ॲसिड आणि सेंट्रिफ्यूजने, पडताळून घ्या.

आता दुसऱ्या एका आठवड्यातला कोड ८७. सोमवारी ३.७, गुरुवारी ३.३, केंद्राची फॅट त्याच दोन दिवशी ३.७ आणि ३.७. इथे फरक शून्यावरून उणे ०.४ वर गेला. हे त्या घरचं आहे. पण घरचं आहे म्हणजे पाणी घातलंय असा निष्कर्ष काढू नका. दुधात पाणी गेलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. एसएनएफ जागेवर असेल तर वैरणीबद्दल विचारा: पेंड वाढवून कडबा कमी केला का? सुका, तंतुमय चारा कमी झाला की फॅट उतरते. गाय नुकती भरात आली असेल, दूध वाढलं असेल, तरी फॅट थोडी कमी लागते. शेवटच्या धारा वासराला सोडत असतील तर तेही विचारा, कारण पहिल्या धारांत फॅट कमी आणि शेवटच्या धारांत जास्त असते. कुणावर संशय घेण्यापूर्वी हे दोन रकाने शेजारी ठेवून बघणं हे त्या सभासदाचं देणं आहे असं मी मानतो. पुऱ्या गावासमोर चोर ठरलेल्या माणसाला नंतर बरोबर आकडा दाखवून उपयोग नसतो.

सकाळ-संध्याकाळही वेगळीच पाहा. दोन धारांमधलं अंतर जिथे संध्याकाळी कमी असतं तिथे संध्याकाळचं दूध कमी आणि फॅट जास्त लागते. सोमवार सकाळची तुलना गुरुवार संध्याकाळशी केली तर ३.७ चे ४.१ झालेले दिसतील, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

आठवी पायरी: आलेख आणि अहवाल

दिवसागणिक बदल दाखवायला रेषांचा आलेख पुरतो. आडवी तारीख, उभा फरकाचा रकाना. उभ्या अक्षावरचे आकडे आधी वाचा: ३.६ ते ३.८ एवढ्यावरच अक्ष ताणला असेल तर एका पॉइंटची घट कड्यासारखी दिसते. सगळ्या सभासदांसाठी एकच मोजपट्टी ठेवा. त्रिमितीय खांब आणि गोल चकत्या टाळा, त्यांतून फॅटसारखा बारीक फरक कळत नाही.

संचालकांना पूर्ण तक्ता देऊ नका. पहिल्या पायरीला लिहिलेला प्रश्न वर लिहा आणि खाली त्याचं उत्तर: कोणते कोड केंद्राच्या तुलनेत सलग तीन वेळा ०.३ किंवा त्याहून खाली गेले, त्यांची एसएनएफ काय होती, कोणाकडे जाऊन विचारणं झालं. (०.३ ही मी सुचवलेली रेषा आहे. दोन-तीन दहावड्यांच्या नोंदी पाहून आपल्या गावाची रेषा ठरवा.) तूट असेल तर ती किलोत आणि कोणत्या तारखांना, तेवढं पुरे.

हा अहवाल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणार असाल तर त्यात नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर नसू द्या. कोडसुद्धा गावात सगळ्यांना पाठ असतात. त्यामुळे एकट्या सभासदाची घट त्याला एकट्यालाच दाखवा, ग्रुपवर फक्त केंद्राची फॅट आणि एकूण लिटर जाऊ द्या. मूळ फाइल पासवर्ड लावून ठेवा आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर दर दहाव्या दिवशी, बिल काढण्याच्या आदल्या संध्याकाळी, घ्या.